दैनंदिन वचन-मनन (मराठवाडा)

रोज, बहुतेक करून सकाळी, बायबलमधला छोटा उतारा वाचायचा, त्यावर विचार करायचा आणि तोच धरून प्रार्थना करायची, ही ख्रिस्ती घरांतली सवय. प्रोटेस्टंट मंडळीत याला नुसतं ‘मनन’ म्हणतात, तरुण पोरं ‘क्वाएट टाइम’ पण म्हणतात. कॅथलिक लोक मिस्सामधल्या (म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) त्या दिवसाच्या वाचनांवर मनन करतात. कसं करायचं हे ज्याच्या त्याच्या घरात ठरलेलंच असतं.

खरा घोळ ‘मनन’ या शब्दाचाच आहे. नियमशास्त्राचं, म्हणजे देवाने दिलेल्या नियमांचं, रात्रंदिवस मनन करणारा धन्य, असं बायबलमधल्या स्तोत्र 1:2 (पहिलं स्तोत्र, दुसरी ओवी) मध्ये आहे, तिथं मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’. हेच क्रियापद यशया 31:4 मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला लावलंय आणि 38:14 मध्ये पारव्याच्या घुमण्याला. यहोशवा 1:8 मध्ये ग्रंथ तोंडातून सुटू देऊ नको असं आधी सांगितलंय आणि मगच हागा येतं, म्हणून बऱ्याच अभ्यासकांच्या मते मूळ अर्थ हलक्या आवाजात पुटपुटत राहणं असा असावा. दुसरा पक्ष नीतिसूत्रे 15:28 दाखवतो, तिथं नीतिमानाचं ‘मन’ हागा करतं, म्हणजे आवाजाशिवायचा विचारही त्यात बसतो. दोन्हीला आधार आहे, पण पुटपुटण्याचा अर्थ आधीचा आणि विचाराचा नंतर त्यातूनच निघालेला, हे जास्त पटतं.

मराठीत मात्र ‘मनन’ शब्द आला तो आपलं जुनं ओझं घेऊन. बृहदारण्यक उपनिषदात श्रोतव्य, मंतव्य, निदिध्यासितव्य असा क्रम आहे, त्यात मनन म्हणजे ऐकलेलं डोक्यात घोळवून तपासणं. बंगालमधल्या सेरामपूरला मिशनरी विल्यम केरीच्या छापखान्यातून 1811च्या सुमारास मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) निघाला, मग मुंबईच्या अमेरिकन मिशनची भाषांतरं आली, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं अख्खं बायबल त्या गेल्यावर 1924 मध्ये छापून झालं. या शंभरेक वर्षांत कधीतरी ‘मनन’ मंडळीच्या बोलण्यात पक्का बसला असावा. त्यात हागातला आवाज तेवढा गळाला.

रोजच्या वाचनाची शिस्त पश्चिमेकडून आली. 12व्या शतकातल्या गीगो नावाच्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. जर्मनीत हेर्नहूट गावातल्या ख्रिस्ती मंडळीत 1728 पासून रोजचं एक वचन द्यायची पद्धत पडली, आज सकाळी व्हॉट्सअॅपवर ‘आजचं वचन’ पडतं त्याची ही आजीच म्हणायची. स्कॉटलंडच्या मॅक्चेन नावाच्या पाळकाने 1842 मध्ये वर्षभराच्या वाचनाचं कॅलेंडर काढलं. जालन्यात काम केलं ते स्कॉटलंडच्याच फ्री चर्चने, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल गाव वसवलं तेही याच मिशनकडून, तेव्हा सवयीचा एक धागा तिकडून आला असं मानायला हरकत नाही. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) चर्च मिशनरी सोसायटीचं काम होतं. कॅथलिक धर्मप्रांत बराच नंतरचा, 1977 चा.

मननात सारखे येणारे दोन शब्द. विश्वासूपणा, हिब्रूत ‘एमुना’, आपलं ‘आमेन’ याच धातूतलं. निर्गम 17:12 मध्ये लढाई चालू असताना मोशेचे हात भरून येतात, मग त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर दोन बाजूंनी हात धरून ठेवतात आणि ते सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहतात, त्या स्थिरपणाला एमुनाच म्हटलंय. दुसरा शब्द ज्ञान, ‘होखमा’. याकोब 1:5 प्रमाणे ते देवाजवळ मागायचं, पण निर्गम 31 मध्ये निवासमंडप (देवाच्या उपासनेचा तंबू) घडवणाऱ्या बसालेलच्या कारागिरीलाही होखमाच म्हणतात, म्हणजे हे पुस्तकी कमी आणि हाताचं जास्त.

जालन्याकडच्या एका घरात बघितलं ते असं: बायबल प्लास्टिकच्या पिशवीत, खूण म्हणून लाईटबिल घडी करून ठेवलेलं. आजीला वाचता येत नाही, नातू शाळेत जायच्या आधी घाईघाईत मोठ्यांदा वाचतो, आजी ज्वारीचं पीठ मळता मळता शेवटची ओळ ओठातल्या ओठात परत परत म्हणते, आणि पोरगं अडखळलं की शब्द तीच पुरवते, सगळं पाठ असतं. शब्दकोश काहीही म्हणो, हागा बहुतेक हेच.

नीतिसूत्रांचे अध्याय 31, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. यात गंमत अशी की सद्गुणी स्त्रीचं वर्णन नेमकं 31व्या अध्यायात आहे, आणि तो वर्षातून सातदाच वाट्याला येतो.