घरच्या टीव्हीचा सिग्नल आणि वायरींची जोडणी

घरच्या टीव्हीपर्यंत सिग्नल येतो तो छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा), केबल, सेट-टॉप बॉक्स आणि एचडीएमआय वायर एवढ्या वाटेने, आणि पुढे आवाज बाहेर काढायचा असेल तर साउंडबार नाहीतर होम थिएटर. या वाटेवरचा बिघाड शोधायचा म्हणजे आधी तिचे दोन तुकडे करायचे, गच्चीपासून बॉक्सपर्यंत एक आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंत दुसरा, आणि गडबड कुठल्या तुकड्यात आहे ते ठरवायचं. बहुतेक लोक हे न करता थेट छत्री हलवायला वर जातात आणि एका बिघाडाचे दोन करून खाली येतात.

ठरवायला मीटर वगैरे काही लागत नाही, स्क्रीनवर काय लिहून आलंय आणि ते कोणी लिहिलंय एवढं बघायचं. 'नो सिग्नल' हे टीव्हीपण लिहितो आणि बॉक्सपण लिहितो. नुसती पाटी दिसतेय आणि बॉक्सच्या रिमोटचं मेनू बटण दाबून काहीच उमटत नाही तर ते टीव्ही बोलतोय, त्याला बॉक्सकडून काही मिळतच नाहीये: सोर्स चुकलाय म्हणजे एचडीएमआय १ च्या जागी २ लागलंय, वायर ढिली आहे, बॉक्स बंद आहे किंवा त्याचा अडॅप्टर गेलाय. उलट मेनू व्यवस्थित उघडतोय, कंपनीचा लोगो आणि एखादा एरर नंबर दिसतोय तर बॉक्स ते टीव्ही सगळं ठणठणीत आहे, भानगड वर गच्चीत. तिसरा प्रकार रिचार्ज संपल्याचा, तिथे ना छत्री ना वायर, पैसे भरायचे आणि बॉक्स चालू ठेवायचा, कारण चॅनेल उघडायचा संदेश उपग्रहावरूनच येतो आणि बॉक्स बंद असेल तर तो घेणार कोण.

आधीच्या काळात हे एवढं ओळखावं लागत नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्याला दिसायला लागलं, आणि पुण्यातल्या सगळ्या अँटेना नैऋत्येकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ते ॲनालॉग होतं, बिघाड हळूहळू दिसायचा, आधी थोड्या मुंग्या, मग जास्त मुंग्या, समोरच्या बिल्डिंगवरून सिग्नल उलटून आला की प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याचंच फिकट भूत. अँटेना जरा फिरवली की फरक लगेच कळायचा. मुंबईत केबल २०१२ च्या ऑक्टोबरअखेर डिजिटल झाली, आणि २०२१-२२ मध्ये दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटरही जवळपास सगळे बंद झाले, त्यामुळे गच्चीवर राहिलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्या आता कावळ्यांच्या.

डिजिटलमध्ये गोष्ट उलटी आहे. सिग्नलमध्ये येणाऱ्या चुका बॉक्स स्वतः दुरुस्त करत राहतो, म्हणून निम्मा सिग्नल गेला तरी चित्र लखलखीतच दिसतं, आणि एक हद्द ओलांडली की आधी चौकोन चौकोन होऊन चित्र फुटतं आणि मग एकदम काळं. म्हणजे चित्र चांगलंय यावरून जोडणी चांगली आहे असं अजिबात म्हणता येत नाही. त्यासाठी बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी, आणि बघायचा तो क्वालिटीचा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य याचा अर्थ एलएनबीला करंट पोचतोय, केबल ठीक आहे, पण छत्री भलतीकडे बघतेय किंवा शेजारच्याच उपग्रहावर अडकलीय. दोन्ही शून्य असेल तर केबल तुटली, जॉइंट गंजला किंवा एलएनबी मेला. उघडीप असताना हा आकडा एकदा बघून कुठेतरी लिहून ठेवावा, पुढे तो घसरलाय का ते कळतं. हे कोणीच करत नाही.

दिशा. आपले डीटीएच उपग्रह विषुववृत्ताच्या वर एका जागी स्थिर दिसतात आणि बहुतेक कंपन्यांचे वेगवेगळे. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून येतं, ९३.५ अंश पूर्व, पुण्यातून बघितलं तर बरोबर आग्नेयेच्या जरासं पूर्वेकडे आणि क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर. टाटा प्ले ८३ अंशावर, ते पुण्याहून दक्षिणेकडे जास्त सरकलेलं आणि जवळजवळ ६६ अंश वर. एअरटेल १०८.२ वर, म्हणजे पूर्वेकडे आणि ४५ अंशावर. जुन्या कंपनीची छत्री फ्री डिशला चालते, लहरींचा पट्टा म्हणजे बँड तोच आहे, फक्त फिरवावी लागते, आणि डिश टीव्हीची असेल तर अगदी थोडी कारण त्यांचा उपग्रह ९५ अंशावर आहे. मोबाइलचं कंपास लोखंडी रेलिंगजवळ खोटं बोलतं, दोन पावलं लांब जाऊन बघायचं.

इथे एक गोष्ट सगळ्यांना चकवते. घरगुती छत्री ऑफसेट असते, एलएनबी मध्ये नसून खालच्या बाजूला, त्यामुळे छत्रीचं तोंड जिकडे दिसतं त्यापेक्षा ती २०-२५ अंश वर बघत असते. छत्री समोरच्या भिंतीकडे बघतेय असं वाटतं आणि ती प्रत्यक्षात भिंतीच्या वरून आकाशात बघत असते. उलट कोकणात नारळाच्या झावळ्या किंवा आंब्याची फांदी हळूहळू वाटेत येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ५९ अंशाच्या हिशोबाने १० फुटांवरचं झाड छत्रीपेक्षा १६-१७ फूट उंच झालं की संपलं. 'मागच्या वर्षी दिसत होतं, यंदा दिसत नाही' याचं कारण कित्येकदा हेच, आणि त्यावर उपाय एलएनबी बदलणं नाही तर छत्रीची जागा बदलणं.

पावसात जातं ते मात्र बिघाड नव्हे. डीटीएचच्या केयू बँडची लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची, पावसाचे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. आकाश अजून कोरडं असताना टीव्ही का जातो, तर सिग्नल तिरका येतो, आग्नेयेला दोन-तीन किलोमीटरवर कोसळणारा ढग आधीच वाटेत असतो. केबलवाल्याच्या मोठ्या जाळीच्या छत्र्या बऱ्याचदा सी बँडच्या, म्हणजे जास्त लांब लहरींच्या असतात, त्यांना पावसाचा त्रास कमी. एलएनबीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची पद्धत आहे ती सोडलेली बरी, ओल्या पिशवीवरच पाण्याचा पडदा तयार होतो आणि सिग्नल अजून पडतो. आणखी एक, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हा सिग्नल काही मिनिटं घसरतो, फ्री डिशला पुण्यात ही वेळ सकाळी अकराच्या सुमारास. आपोआप येतो, कोणाला फोन करायची गरज नसते.

खरी खोड केबलमध्ये असते. छत्रीपासून आरजी-६ ही ७५ ओहमची केबल घेतात, ती वरून सिग्नल आणते आणि त्याच तारेने बॉक्स वर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, कुठल्या व्होल्टेजवर कुठल्या पोलरायझेशनची (लहर उभी की आडवी) चॅनेल द्यायची ते ठरलेलं असतं. त्यामुळे काही चॅनेल झकास आणि काही अजिबात नाहीत असं झालं तर केबलच्या लांबीत किंवा गंजलेल्या जॉइंटमध्ये व्होल्टेज पडत असण्याची शक्यता असते, नाहीतर एलएनबी आपल्या पकडीत थोडा फिरलेला असतो. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर पिळताना बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली तरी सगळं बंद. उन्हाने केबलचं काळं आवरण तडकतं आणि पावसाचं पाणी आतल्या जाळीतून थेट बॉक्सपर्यंत उतरतं, म्हणून घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायचे तर साधा स्प्लिटर लावून भागत नाही, कारण दोन बॉक्स एकाच वेळी वेगवेगळं व्होल्टेज मागतात आणि एकाने चॅनेल बदललं की दुसऱ्याचं जातं. दोन तोंडांचा एलएनबी घ्यायचा आणि दोन केबल ओढायच्या. स्प्लिटर स्वस्त पडतो म्हणून दुकानदार आधी तोच काढतो.

बॉक्सपासून पुढे एचडीएमआय असेल तर फारसं काही होत नाही, वायर काढून घालणं आणि दुसरं पोर्ट लावून बघणं यात निम्मे प्रश्न सुटतात. जुनी पिवळी-लाल-पांढरी पिन अजून बऱ्याच घरात आहे आणि तिथे मजा आहे. चित्र आलं पण काळं-पांढरं, तर टीव्ही कंपोनंट मोडवर आहे, एव्हीवर करायचा, किंवा सेटिंगमध्ये रंगाची पद्धत एनटीएससी झालीय, आपल्याकडे चालते ती पीएएल. नव्या पातळ टीव्हीत तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याच्या वायरी सगळ्या सारख्या नसतात, आवाजाच्या जागी बर्र असा आवाज आला तर पिवळ्यात लाल पिन घालून बघायची, कित्येकदा तिथेच चित्र सापडतं.

आवाजाच्या तक्रारी जास्त येतात हल्ली. साउंडबार एचडीएमआयने जोडलाय आणि गप्प आहे, तर वायर टीव्हीच्या एआरसी (टीव्हीतून आवाज उलट बाहेर पाठवायची सोय) लिहिलेल्या पोर्टमध्येच आहे का बघायचं, बाकीच्या पोर्टमधून आवाज बाहेर येतच नाही. शिवाय सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू लागतं आणि प्रत्येक कंपनीने त्याचं नाव वेगळं ठेवून घोळ घातलाय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ऑप्टिकल वायर असेल तर टोकाची प्लॅस्टिकची छोटी टोपी काढली का, आणि लाल उजेड दिसतोय का. उजेड आहे पण आवाज नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करायचं, स्वस्त ॲम्प्लिफायरला डॉल्बी उलगडता येत नाही. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, हे ब्लूटूथवर जास्त होतं, टीव्हीत ऑडिओ डिलेचा पर्याय असला तरी त्याने आवाज अजून मागेच ढकलता येतो, पुढे आणता येत नाही, तेव्हा वायरच लावलेली बरी.

बॉक्सच्या मागे हात लागला की जिणजिण्या येतात ते अडॅप्टरमधून गळणाऱ्या बारीक करंटमुळे, कधीकधी घरात अर्थिंग नसल्याची खूण, स्पीकरमधून हूं असा आवाज येत असेल तर तोही बऱ्याचदा यातूनच येतो. म्हणून एचडीएमआय काढता-घालताना टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे विजेचे प्लग काढलेले असावेत, त्या पोर्टचं मूळ दुखणं तेच.

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की लोक स्विच बंद करतात आणि निवांत बसतात, पण छत्रीकडून आलेली केबल तशीच बॉक्सला असते, ती पण पिळून काढून बाजूला ठेवायची. वीज पडल्यावर नेहमीचा नमुना असा असतो की बॉक्स चालू होतो, दिवा लागतो आणि टीव्ही मात्र नो सिग्नल म्हणतो, एचडीएमआयचं पोर्ट जळालेलं असतं, बॉक्सचं नाहीतर टीव्हीचं. टीव्हीचं दुसरं पोर्ट लावून बघायचं, ते चाललं तर टीव्हीचं एकच पोर्ट गेलं. नाही चाललं तर बॉक्सच्या मागचं एव्ही आउट कित्येकदा अजून जिवंत असतं, रिपेअर होईपर्यंत पिवळी-लाल-पांढरी लावून काम भागतं, फक्त एचडी दिसत नाही.