तलाव कोणाचा, नाला कोणाचा? नागपूरच्या पाण्याकाठच्या राजकारणाची पार्श्वभूमी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि सांडव्यावरून सुटलेलं पाणी नाग नदीच्या पात्रात मावेना. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पार सीताबर्डीपर्यंत लोकांच्या पलंगाखाली पाणी आलं. मदतीला लष्कराला बोलवावं लागलं. घरात पाणी शिरलं की नागपूरचा माणूस आधी आपल्या नगरसेवकाला फोन करतो. त्या पहाटे हा फोन घ्यायला शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, निवडणूक लांबली होती आणि आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते.

हे एका रात्रीत घडलेलं नाही. या शहरात पाण्यावरचा अधिकार मोहल्ल्याच्या हातून कसा सुटत गेला, हे पाहायचं तर फार मागं जावं लागतं.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ मध्ये नाग नदीकाठच्या बारा लहान वस्त्या जोडून नागपूर वसवलं. त्याचा वारस चांद सुलतान यानं गावाला तट घातला, जुम्मा दरवाजा उभारला आणि जुम्मा तलाव बांधून घेतला. दरवाजा आज महात्मा गांधी द्वार म्हणून ओळखला जातो आणि तलाव गांधीसागर म्हणून. महाल भागातली जुनी माणसं मात्र अजूनही शुक्रवारी तलावच म्हणतात. पुढं भोसल्यांच्या काळात तेलंगखेडीची बाग आणि फुटाळा तलाव झाले. नदीचं आणि गावाचं नातं किती जुनं आहे, ते बाबासाहेबांनीही सांगून ठेवलं आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात दीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना त्यांनी नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला होता.

गावातला तलाव ही फक्त पाण्याची सोय कधीच नव्हती. ढिवर-भोयांचं जाळं तिथं पडायचं, शिंगाडे तिथंच लागायचे, म्हशी बसायच्या, कपडे धुतले जायचे. गणपती, देवी, गौरी, भुजली, छठ, सगळ्यांना शेवटी काठ लागतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवत निघणाऱ्या मारबतीचंही, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याचंही तसंच. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते आणि नाईक तलावाकडं तिचा शेवट होतो. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत ज्या आरोळ्या उठतात, त्यांत इडा-पिडेबरोबर खड्डे, महागाई, नळाला न येणारं पाणी हेही असतं. सोबतच्या बडग्यांच्या, म्हणजे पुरुषी पुतळ्यांच्या गळ्यात वर्षभराच्या तक्रारी पाटीवर लिहून टांगलेल्या असतात. माझ्या मते नागपूरच्या स्थानिक राजकारणाची सगळ्यात जुनी खुली सभा हीच. ती कोणाच्याही परवानगीनं सुरू झाली नाही आणि कोणत्याही पक्षाला ती आपली म्हणता आली नाही.

इंग्रजांनी १८६४ मध्ये नगरपालिका आणली. अंबाझरीचा बांध १८७० चा, शहराला पाणी पुरवण्यासाठी. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेवर सुरू झाली. कोष्टी, हलबा, महार, तेली अशा अनेक समाजांची माणसं गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजू लागली. विसाव्या शतकात गोरेवाडा, कन्हान आणि शेवटी पेंचचं पाणी आलं. इथं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल झाला. नळ घरात आला आणि तलाव रोजच्या गरजेतून उठला. ज्या काठावर दिवसातून दोनदा जावं लागे, त्याच्याकडं वर्षातून दोनदा जाणं सुरू झालं. गरज संपली की पाणवठ्याची जमीन होते, आणि जमिनीला लगेच गिऱ्हाईक मिळतं.

जमिनीचं काम पाहायला तोवर वेगळी संस्था आली होती. १९३६ च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला. लोकांच्या तोंडी तो ‘एनआयटी’, कागदावर ‘नासुप्र’. वस्त्या आखायच्या, रस्ते पाडायचे, भूखंड द्यायचे, हे त्याचं काम. नागपुरात कॉलनीला ‘लेआऊट’ म्हणतात, तो शब्द याच कारभारातून घराघरांत गेला. शहराला चांगले रस्ते आणि मोकळी मैदानं दिल्याचं श्रेयही त्याला द्यायला हवं. पण प्रन्यासाचा सभापती सरकार नेमतं, मतदार नाही. त्यामुळं एकाच गल्लीत सांडपाण्याची लाइन महापालिकेची, भूखंडाचं ‘आरएल’ (नियमितीकरणाचं पत्र) प्रन्यासाचं आणि मधून वाहणारा नाला दोघांपैकी कोणाचा यावर वाद, अशी स्थिती पिढ्यानपिढ्या राहिली. दोन-दोन संस्था नकोत म्हणून प्रन्यास बरखास्त करण्याच्या घोषणा सरकारांनी केल्या, तरी प्रन्यास आजही आहे.

महापालिका १९५१ ची. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या स्वराज्याला घटनेचा आधार दिला. वॉर्ड लोकांच्या जवळ येईल अशी आशा तेव्हा होती. पुढं झालं ते वेगळंच. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा वॉर्ड, २०१२ मध्ये दोघांचा प्रभाग आणि २०१७ मध्ये चौघांचा. शेवटच्या वेळी १५१ जागा ३८ प्रभागांत बसवल्या. चौघांच्या प्रभागात वस्त्या पुष्कळ येतात. नाल्याला भिंत हवी असेल तर चौघांपैकी कोणाकडं जायचं, हे त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही. एक म्हणतो माझा भाग पलीकडं आहे, दुसऱ्याचा निधी संपलेला असतो. वॉर्ड लहान होता तेव्हा नगरसेवक चौकातल्या पानठेल्यावर सापडायचा. काम नाही झालं तर चारचौघांत त्याला उत्तर द्यावं लागायचं. दर पाच वर्षांनी हद्द बदलली की ती ओळखही पुसली जाते. प्रभागरचनेचा हिशेब वरच्या सत्तेच्या सोयीनं बदलत राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यात कोणताही एक पक्ष वेगळा काढता येत नाही.

फुटाळ्याचं उदाहरण घ्या. तलाव कृषी विद्यापीठाच्या मालकीचा, कारंजे आणि प्रेक्षक गॅलरीची योजना प्रन्यासाची, बांधकाम मेट्रो रेल्वेच्या महामेट्रो कंपनीकडं. संध्याकाळी तिथं शहर लोटतं, पण त्यात निवडून आलेल्या माणसाची जागा कुठं, ते सापडत नाही. म्हणून प्रश्न कोर्टात गेला. ही पाणथळ जागा आहे का, यावर उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली. फुटाळा मानवनिर्मित असल्यानं पाणथळ जागांच्या नियमांत बसत नाही, असा निकाल २०२५ मध्ये लागला.

अंबाझरीच्या काठावरची दुसरी जखम अजून ओली आहे. उद्यानाच्या जागेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडलं गेलं. ते परत बांधून द्या म्हणत बायाबापड्या कित्येक महिने धरणं धरून बसल्या. तिथं लग्नं लागली होती, व्याख्यानं झाली होती. काठावरची जागा पर्यटनाच्या नावानं दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा त्या वस्तीला आधी कोणी विचारत नाही, हे त्या बायांचं म्हणणं होतं आणि ते खोटं म्हणता येत नाही.

पुरानंतरही तेच झालं. बुडालेल्या वस्त्यांतल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडं धाव घेतली. सांडव्याच्या तोंडाशी महापालिकेनंच उभारलेलं विवेकानंद स्मारक, नदीपात्रातली बांधकामं, तलावाच्या बांधाची अवस्था हे सगळं तिथं निघालं. एरवी ज्या गोष्टी प्रभाग समितीच्या बैठकीत नगरसेवकानं ओरडून मांडायच्या, त्या वकिलांमार्फत शपथपत्रावर मांडाव्या लागल्या. नाग नदीच्या पुनरुज्जीवनाची सुमारे १,९२७ कोटींची योजना मंजूर झाली आहे. तिचा बराचसा भाग सांडपाणी नदीत न जाऊ देण्याचा आहे. पुराचं पाणी कुठून जाईल, हा नदीकाठच्या घरांचा प्रश्न वेगळाच राहतो.

१५ जानेवारी २०२६ ला अखेर महापालिकेसाठी मतदान झालं, जवळपास चार वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर. प्रभाग पुन्हा चौघांचेच आहेत. नदीकाठच्या लेआऊटमध्ये पुरानंतर कित्येकांनी फाटकाला लोखंडी पाट्या बसवून घेतल्या आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर नेले. पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ निघाला की नाही, हे ती माणसं आता स्वतः पुलावर जाऊन बघतात.