चिकटवलेल्या सांध्यावरचा भरवसा

विमानाचे भाग चिकटवून जोडणं जुनंच आहे. इंग्लंडमध्ये डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रूइन यांनी १९४१ च्या सुमारास ‘रेडक्स’ हे चिकटद्रव्य तयार केलं. पृष्ठभागाला फिनॉलिक रेझिन, म्हणजे एक कृत्रिम राळ, लावायचं, वर पॉलिव्हिनिल फॉर्मलची पूड भुरभुरायची आणि दाबाखाली तापवायचं. ही पूड थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की पुन्हा मऊ होणारं प्लास्टिक होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

साठच्या दशकात इंग्लंडमध्येच फार्नबरोला मजबूत कार्बन फायबर तयार झालं आणि चिकटवण्याची गरज वाढली. एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये बसवलेल्या या धाग्यांना रिव्हेट मानवत नाही, कारण भोक पाडताना भार वाहणारे धागेच तुटतात. पण चिकटवलेल्या सांध्याचा भरवसा कसा धरायचा? साच्याला लावलेल्या सिलिकॉनचा पुसट अंश राहिला, तरी दोन पृष्ठभाग नुसते टेकून राहतात. मध्ये पोकळी नसल्यानं अल्ट्रासाउंड तपासणीत सांधा ठणठणीत दिसतो, पकड मात्र नसते. २८ एप्रिल १९८८ ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत हवेतच उडालं, एक हवाई सेविका दगावली. तिथले पत्रे धातूचे होते. चिकटवलेला थर सुटला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि भेगा वाढत गेल्या. आजही महत्त्वाच्या चिकट सांध्यांना बहुतेकदा जोडीला बोल्ट देतात, ते या धास्तीपोटीच.

ऐंशीच्या दशकात आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीनं वेगळी वाट काढली. पीक या थर्मोप्लास्टिकच्या कार्बन पट्ट्यांवर पीईआय या दुसऱ्या थर्मोप्लास्टिकची फिल्म आधीच एकजीव करायची. पीक ३४३ अंशांना वितळतं, पीईआय २१७ च्या पुढे मऊ होतं. मधल्या तापमानाला दाबलं की फक्त फिल्म जुळते, भागाचा आकार बिघडत नाही.

एपॉक्सी मात्र एकदा घट्ट झालं की उकडलेल्या अंड्यासारखं, पुन्हा पातळ होत नाही. म्हणून तिथे मधासारख्या रंगाची ही पारदर्शक फिल्म कच्च्या थरावरच अंथरतात. १८० अंशांच्या भट्टीत पातळ एपॉक्सी फिल्ममध्ये मुरतं, तिला फुगवतं आणि तिथेच आवळतं. दोघांमधली सीमारेषाच पुसट होते. मग असे दोन भाग लाखेसारखे तापवून जोडता येतात, आणि फिल्मला चिकट पट्ट्यांसारखा फ्रीजरही लागत नाही.

अवघड आहे ती उष्णता. फिल्म मऊ व्हायला हवी, पण खालचं एपॉक्सी करपता कामा नये. अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं, म्हणजे अतिवेगवान कंपनांनी सांध्यातच उष्णता निर्माण करून, ते साधतं, कारण सांधा काही सेकंदांत होतो आणि एपॉक्सीला करपायला वेळच मिळत नाही.