त्रिएस्तेच्या गुहेतलं फाटक

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, स्लोव्हेनिया आणि एड्रियाटिक समुद्र यांच्या चिमटीत सापडलेली एक चिंचोळी पट्टी म्हणजे त्रिएस्ते शहराचा परिसर. बहुतेक प्रवासी बंदरावर कॉफी पितात, मिरामारेचा किल्ला पाहतात आणि व्हेनिसची गाडी पकडतात. शहराच्या पाठीशी उभं असलेलं पांढऱ्या खडकाचं पठार त्यांच्या यादीत नसतं. तिथे पाऊस भरपूर पडतो, पण ओढा शोधून सापडत नाही. या पठाराचं नाव कार्सो. भूगोलाच्या पुस्तकातला ‘कार्स्ट’ हा शब्द त्याच्याच जर्मन नावावरून आला.

पाणी जातं कुठे? खडकातच. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेलं पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत फटींमधून खाली उतरतं. आपल्या अजिंठा-वेरूळच्या गुहा माणसाने छिन्नीने बेसॉल्टमध्ये खोदल्या. चुनखडीत हेच काम पाणी करतं, फक्त त्याला घाई नसते.

इथे तर एक अख्खी नदीच गडप होते. स्लोव्हेनियातली रेका नदी श्कोत्सियानच्या गुहांमध्ये शिरते, सुमारे 40 किलोमीटर जमिनीखालून वाहते आणि दुइनोजवळ तिमावो या नावाने वर येते. तिथून समुद्र जेमतेम दोन किलोमीटरवर. 19व्या शतकात त्रिएस्ते हे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग साम्राज्याचं वाढतं बंदर होतं आणि त्याला पाण्याची टंचाई होती. आंटोन फ्रीड्रिख लिंडनर या माणसाने ही हरवलेली नदी शोधायचं मनावर घेतलं. 1840 मध्ये तो एका प्रचंड गुहेत उतरला. ती कोरडी निघाली. 1841 मध्ये त्रेबिचानोच्या विवरात, 329 मीटर खोलीवर, त्याला नदी सापडली. एवढ्या खोलवरून शहरासाठी पाणी उपसणार कसं? शोध खरा ठरला, उपयोग शून्य. त्याच वर्षी लिंडनर वारला.

त्याला निराश करणारी ती कोरडी गुहा म्हणजे आजची ग्रोता जिगांते, ‘राक्षसी गुहा’. 1908 पासून ती पर्यटकांसाठी खुली आहे. मुख्य दालनाची उंची जवळजवळ 100 मीटर. सुमारे 500 पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा तेवढ्याच चढायच्या. आत बारा महिने 11 अंश, तेव्हा ऑगस्टमध्येही स्वेटर हवा. जमिनीवरून वर वाढलेले लवणस्तंभ नीट पाहा. ते एकावर एक रचलेल्या ताटल्यांसारखे दिसतात. छत इतकं उंच आहे की थेंब आपटून चहूकडे उडतो आणि त्यातला चुना टोकावर न साचता पसरून साचतो.

दालनाच्या मधोमध छतापासून तळापर्यंत दोन उभ्या नळ्या दिसतात. त्यांना वायरिंग समजून लोक पुढे जातात, आणि माझ्या मते गुहेतली सर्वात भारी गोष्ट तिथेच राहून जाते. 1959 मध्ये आंतोनियो मारुस्सी या भूमापनशास्त्रज्ञाने बसवलेल्या आडव्या लंबकांच्या तारा त्या नळ्यांमध्ये आहेत. आडवा लंबक म्हणजे काय? अंगणाचं फाटक आठवा. खांब जरासा कलला, की फाटक आपोआप एका बाजूला सरकतं. इथल्या फाटकाची वरची बिजागरी गुहेच्या छताला आहे, खालची तळाला, आणि दोघींत सुमारे 95 मीटरचं अंतर. त्यामुळे जमिनीचा नजरेला अजिबात न कळणारा कलही पकडला जातो.

पुढच्याच वर्षी, मे 1960 मध्ये, चिलीत 9.5 तीव्रतेचा भूकंप झाला. अख्खी पृथ्वी टोल दिलेल्या घंटेसारखी थरथरली. तिचा सर्वात संथ हेलकावा तब्बल 54 मिनिटांचा असतो. या लंबकांनी ती थरथर टिपली. 26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळच्या ज्या भूकंपाने आपल्या पूर्व किनाऱ्यावर त्सुनामी आणली, त्याचीही नोंद इथे आहे.

एरवी भूकंप नसतानाही लंबक स्वस्थ नसतात. समुद्राच्या भरती-ओहोटीचं ओझं त्यांना कळतं. आणि रेकाच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला की जमिनीखालचे बोगदे पुराने फुगतात, त्या दाबाने कार्सोचा खडक किंचित कलतो आणि फाटक सरकतं. लिंडनरला ज्या गुहेत नदी सापडली नाही, तिथे आता नदीच्या पुराची नोंद होते.