फेकणारी कॉइल आधी स्वतः टिकली पाहिजे

घरी बनवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तन प्रक्षेपकाची, म्हणजे कॉइलमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) एकदम वीज सोडून जवळच्या धातूत प्रवाह निर्माण करणाऱ्या आणि त्या जोरावर तो धातू दूर फेकणाऱ्या उपकरणाची, चर्चा बहुधा अॅल्युमिनियमची कडी किती उंच उडाली याभोवतीच फिरते. मात्र कडीला जेवढा रेटा वर मिळतो तेवढाच रेटा त्याच क्षणी कॉइलला खाली बसतो. कडी उडून मोकळी होते आणि कॉइलला पुढच्या वेळी पुन्हा तोच मार खायचा असतो. म्हणून या उपकरणाचा इतिहास सांगायचा तर तो कॉइलच्या बाजूने सांगावा, असे मला वाटते.

मायकेल फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रवर्तनाचा शोध लावला, तेव्हा आवरण घातलेली तार बाजारात मिळत नव्हती. साधारण सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर त्याने उघडी तांब्याची तार गुंडाळली, दोन वेढ्यांमध्ये सुतळी ठेवली आणि प्रत्येक थरावर सुती कापड घातले. टिकाऊ कॉइलचा पहिला नियम, म्हणजे एका वेढ्याने दुसऱ्याला स्पर्श करता कामा नये, हा असा हाताने पाळलेला होता. पुढे १८८७ मध्ये अमेरिकेत एलिहू थॉमसन याने प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या (एसी), प्रवाहाच्या कॉइलपासून तांब्याची कडी दूर ढकलली जाते हे दाखवले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांमधून आजही दिसणारी ‘उडती कडी’ ती हीच. तिच्यात बल मर्यादित असते आणि कॉइल फुटण्याऐवजी तापते, त्यामुळे यांत्रिक ताकदीचा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

तो प्रश्न तोफेने पुढे आणला. नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्कलांड याने १९०१ मध्ये विद्युतचुंबकीय तोफेचे पेटंट घेतले. तिच्यात ओळीने बसवलेल्या कॉइल लोखंडी गोळ्याला पुढे ओढत, म्हणजे तत्त्व प्रवर्तनाचे नव्हे, आकर्षणाचे होते. पण कॉइलवरचा ताण त्याच जातीचा होता. मार्च १९०३ मध्ये क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो, येथील विद्यापीठाच्या सभागृहात जाहीर प्रात्यक्षिक चालू असताना तोफेत शॉर्टसर्किट झाले आणि मोठ्या आवाजासह ज्वाळेसारखा विद्युत्‌ठिणगीचा लोळ उठला. तोफेचा धंदा तिथेच बसला. चुंबकीय क्षेत्रात पसरणारी ही ज्वाळा मात्र बिर्कलांडच्या कामी आली. त्याच वर्षी साम आयडे या अभियंत्याबरोबर त्याने हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्याची भट्टी हाती घेतली आणि त्यातून १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली.

एडविन नॉर्थ्रप या अमेरिकी संशोधकाची वाट याच्या उलटी, भट्टीकडून प्रक्षेपकाकडे जाणारी होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने उच्च वारंवारतेची प्रवर्तन भट्टी विकसित केली आणि १९३०च्या दशकात बहुकला प्रवाहावर, म्हणजे एकामागोमाग चढउतार होणाऱ्या अनेक एसी प्रवाहांवर, चालणाऱ्या प्रवर्तन प्रक्षेपकाची प्रारूपे बनवली. प्रवर्तन भट्टीची कॉइल तांब्याच्या पोकळ नळीची असते आणि नळीतून थंड पाणी खेळते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना ती वेगळी सांगायला नको. मात्र पाण्याचा हा उपाय सतत चालणाऱ्या प्रवाहासाठी आहे. घरगुती प्रक्षेपकात वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमधून सेकंदाच्या हजाराव्या भागात ती सुटते तेव्हा उष्णतेला पाण्यापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. तेवढ्या वेळात निर्माण झालेली सारी उष्णता तांब्यालाच सोसावी लागते.

कॉइल नेमकी कशाने फुटते, याचे खरे उत्तर केंब्रिजमध्ये मिळाले. पिओत्र कापित्सा या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागापुरते ३० टेस्लांहून (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) अधिक तीव्रतेचे क्षेत्र निर्माण केले. चुंबकीय क्षेत्र बंदिस्त वायूसारखे कॉइलला आतून बाहेर दाबते आणि हा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १० टेस्लाला तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ४०० पट असतो, ३० टेस्लाला साडेतीन हजार पटींच्या घरात जातो आणि मऊ तांबे त्याच्या कितीतरी आधी ताणले जाऊन हार मानते. कापित्साच्या कॉइल फुटल्या. १९२५च्या अखेरीस प्रवासात असलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाला, अर्नेस्ट रदरफर्डला, त्याने अशाच एका स्फोटाची हकिकत कळवली, तीही हा अपघात सर्वांत बोधप्रद प्रयोग ठरल्याच्या समाधानाने, कारण कॉइल फुटते तेव्हा काय घडते हे आता पक्के कळले होते. पुढे त्याचा सहकारी जॉन कॉक्रॉफ्ट याने ताणाचे गणित मांडून या कॉइलची रचना केली. कॉइलला वीज पुरवणारे प्रचंड जनित्र एकदम रोखल्याने जमिनीला बसणारा हादरा टाळण्याची युक्तीही कापित्साचीच. त्याने कॉइल जनित्रापासून सुमारे २० मीटर दूर ठेवली, म्हणजे हादरा पोचेपर्यंत प्रयोग उरकलेला असे.

१९५०च्या दशकात सायमन फोनर आणि हेन्री कोल्म यांनी तार गुंडाळणेच सोडले आणि बेरिलियम-तांब्याच्या घट्ट ठोकळ्यातून मळसूत्रासारखी कॉइल कापून काढली. याच कोल्मने १९७७ मध्ये जेरार्ड ओनील आणि विद्यार्थ्यांसह एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात ‘मास ड्रायव्हर’चे, म्हणजे कॉइलच्या ओळीने भार वेगाने फेकणाऱ्या यंत्राचे, पहिले प्रारूप उभे केले. हौशी मंडळींना हे काम आपले वाटते, कारण ते मोठ्या कारखान्यात न होता विद्यार्थ्यांच्या हातांनी झाले.

घरगुती कॉइलसाठी याहून मोठा फरक पडला तो साहित्यामुळे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तारेवर कृत्रिम रेझिनचे चिवट एनॅमल आले आणि १९४६ मध्ये ‘अरल्डाइट’ हा इपॉक्सी गोंद बाजारात आला. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कॉइलला वार्निश पाजून भाजतात, ते केवळ ओल अडवण्यासाठी नव्हे. वेढे हलून एकमेकांवर घासू नयेत म्हणूनही. प्रक्षेपकात हे घासणे दर झटक्याला होते, म्हणून इपॉक्सी आणि काचतंतूची फीत लागते. चकतीसारखी चपटी कॉइल उलगडून पाहिली तर बहुतेकदा जखम एकाच जागी सापडते. मधले टोक सगळे वेढे ओलांडून बाहेर येते तिथे शेजारच्या तारांमध्ये जवळजवळ पूर्ण व्होल्टेज असते आणि क्षेत्र नेमक्या त्याच तुकड्याला वाकवत असते. तिथले एनॅमल आधी तडकते, मग ठिणगी पडते. हे टोक प्रक्षेप्याच्या उलट बाजूने, जाड इन्सुलेशनखालून काढण्याची रीत अशा जळालेल्या कॉइलनीच शिकवली आहे.

कॉइलच्या क्षेत्राने नाणे चहूबाजूंनी दाबून लहान करणाऱ्या प्रयोगांत मात्र टिकण्याची अपेक्षाच ठेवत नाहीत. नाण्याभोवतीची तार प्रत्येक वेळी फुटते, तिचे तुकडे भरधाव सुटतात आणि म्हणून सारे काही भक्कम पेटीत बंद करावे लागते. तरीही नाणे आक्रसलेले निघते, कारण तार तुटून दूर जाण्याआधीच, काही दशलक्षांश सेकंदांत, क्षेत्राने आपले काम केलेले असते.