ब्रिटनमध्ये मुलांच्या नर्सिंगची पदवी वेगळी का?

ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या पदवीला अर्ज करतानाच क्षेत्र ठरवावं लागतं: प्रौढ, मानसिक आरोग्य, बौद्धिक अक्षमता किंवा मुलं. आधी सगळ्यांचं नर्सिंग शिकायचं आणि मग मुलांकडे वळायचं, हा जगात बहुतेक ठिकाणी चालणारा क्रम तिथे नाही. अठरा वर्षांची मुलगी (किंवा मुलगा) पहिल्या दिवसापासून मुलांची नर्स व्हायला बसते. ही व्यवस्था आज रुळलेली दिसते. पण गेल्या चाळीस वर्षांत तिच्या गरजेवरच पुन्हा पुन्हा प्रश्न उठले आहेत.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर १८५२ साली दहा खाटांचं मुलांचं रुग्णालय उघडलं आणि १८७८ पासून तिथे मुलांच्या परिचारिकांना रीतसर शिक्षण मिळू लागलं. 'आजारी मुलांची शुश्रूषा हे वेगळं काम आहे, त्याला वेगळं शिक्षण हवं' हे म्हणणं तिथल्या अधीक्षिकेने १८८८ मध्ये लिहून मांडलं. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी मुलांच्या परिचारिका आपली बाजू मांडताना तेच वाक्य पुढे करतात.

१९१९ च्या नोंदणी कायद्याने या वेगळेपणाला मान्यता दिली खरी, पण हात राखून. एक सर्वसाधारण यादी आणि तिच्याखाली पुरवणी याद्या अशी ती मांडणी होती. आजारी मुलांच्या परिचारिका पुरवणीत गेल्या, मनोरुग्णांच्या परिचारिकाही पुरवणीत, आणि पुरुष परिचारकांना तर फक्त पुरुष म्हणून तिसरी पुरवणी. पुरुषांची यादी १९४९ मध्ये मुख्य यादीत विलीन झाली. मुलांची तशीच राहिली. मुख्य यादीतल्या परिचारिकेला कुठेही काम करता येई. फक्त पुरवणीत नाव असलेली मात्र मुलांच्या वॉर्डातच अडकून पडे आणि वरच्या पदाच्या वाटेवर अडखळे. त्यामुळे व्यवहारात शहाणपणाचा मार्ग एकच उरला: आधी तीन वर्षं सर्वसाधारण शिक्षण, मग साधारण वर्षभर मुलांचं. हातात दोन बिल्ले.

त्या काळचे वॉर्ड कसे होते, हे समजल्याशिवाय पुढचा बदल कळत नाही. १९४० च्या दशकाअखेर लंडनमधल्या मोठ्या रुग्णालयांत आईबापांच्या भेटीच्या वेळा अशा होत्या: एका ठिकाणी फक्त रविवारी दुपारी, तर दुसऱ्या ठिकाणी पहिला महिनाभर भेटच नाही, संध्याकाळी मूल झोपल्यावर आईने लांबून बघून जायचं. भेटीनंतर मुलं रडतात, म्हणून भेट वाईट, असा सरळ हिशेब होता. १९५२ मध्ये आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण डॉक्टरमंडळींना दाखवण्यात आलं तेव्हा बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. १९५९ च्या सरकारी अहवालाने मात्र भेटीच्या वेळेची बंधनं काढा, लहान मुलांच्या आयांना रात्री राहू द्या, असं बजावलं. त्या शिफारशी वॉर्डापर्यंत झिरपायला पुढे कित्येक वर्षं लागली. आज पदवीच्या अभ्यासक्रमात 'कुटुंबकेंद्री शुश्रूषा' म्हणून जो भाग येतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता मुख्य गोष्ट. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नर्सिंगचं शिक्षण रुग्णालयांच्या शाळांतून काढून उच्च शिक्षणात न्यायचं ठरलं. १९८६ च्या आराखड्याचा गाभा असा: शिकाऊ परिचारिका ही वॉर्डातली स्वस्त मजूर नाही, ती विद्यार्थिनी आहे. १९८९ पासून राबवलेल्या या योजनेत पहिले अठरा महिने सर्वांचा पाया एकच, पुढचे अठरा महिने शाखेचे. या शाखांमध्ये 'मुलं' ही एक शाखा झाली. म्हणजे सर्वसाधारण पात्रतेच्या पायरीवर पाय न ठेवता थेट मुलांची नर्स होता येऊ लागलं.

यावर टीका दोन्ही बाजूंनी झाली, आणि दोन्हींत तथ्य होतं. एक बाजू म्हणाली, विशीच्या आतबाहेरची मुलगी फक्त मुलांचं शिकून बाहेर पडली तर उद्या तिला दुसऱ्या वॉर्डात कसं घालायचं? (हा प्रश्न बहुधा रजेच्या आणि पाळ्यांच्या तक्त्याकडे बघत विचारलेला होता.) दुसरी बाजू खुद्द जुन्या मुलांच्या परिचारिकांची. त्यांच्याकडे तीन वर्षं अधिक एक असं शिक्षण होतं. नव्यांना मुलांसाठी मिळालेले अठरा महिने त्याच्या बरोबरीचे कसे? नियामक संस्थेने यावर काढलेला तोडगा कारकुनी थाटाचा होता. जुन्यांची नोंद नोंदवहीच्या आठव्या भागात होती. नव्यांसाठी पंधरावा भाग उघडला. काम एक, वॉर्ड एक, भाग दोन. नोकरीच्या जाहिराती देणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षं दोन्ही पात्रता लिहाव्या लागल्या.

याच फेरफारात एक शब्द गळाला. जुन्या पदनामात 'आजारी मुलांची नोंदणीकृत परिचारिका' असं होतं, नव्यात नुसती 'मुलांची परिचारिका'. मराठीत आपण सवयीने 'बालरोग परिचारिका' म्हणतो आणि गळालेला रोग परत आणून बसवतो. त्या शब्दाला काढायला कारण होतं. मधुमेह असलेलं शाळकरी मूल, घरी नळीने अन्न घेणारं बाळ, पंधरा वर्षांचा अस्थमावाला मुलगा ही सगळी या परिचारिकेची माणसं, पण ती दिवसरात्र खाटेवर पडलेली नसतात. जुन्या पिढीला मात्र हा बदल खटकला. त्यांच्या मते 'आजारी' या शब्दातच वेगळ्या कौशल्याचा दावा होता. तो काढला की मुलांना सांभाळणारी कुणीही आणि ही, यांतला फरक धूसर होतो.

फरक खरोखर किती असतो, ते एका तक्त्यात दिसतं. प्रौढांच्या निरीक्षण तक्त्यावर मिनिटाला २५ श्वास म्हणजे धोक्याचे सर्वांत वरचे गुण, ताबडतोब कुणाला तरी बोलवा. चार महिन्यांच्या बाळाचे ३० ते ४० श्वास म्हणजे बाळ ठीक आहे. रक्तदाबाचं उलटं: मूल बराच वेळ तो टिकवून धरतं आणि घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. सलाइनचा वेगही वजनावर. चौदा किलोच्या मुलाला पहिल्या दहा किलोंसाठी किलोमागे १०० मिलिलिटर आणि उरलेल्या चार किलोंसाठी ५०, म्हणजे दिवसाला १२०० मिलिलिटर, तासाला ५०. प्रौढांच्या वॉर्डात वाढलेल्या हाताला हे शिकवता येतं, यात वाद नाही. आधी ते विसरून मग हे शिकायचं, की थेट हेच, इतकाच वाद आहे.

१९९१ मध्ये सरकारी मार्गदर्शनाने मुलांच्या प्रत्येक वॉर्डात चोवीस तास किमान दोन पात्र मुलांच्या परिचारिका असाव्यात असं सांगितलं. त्याच वर्षी लिंकनशरमधल्या एका रुग्णालयात वॉर्डातल्याच एका परिचारिकेने चार मुलांचे जीव घेतले. १९९४ च्या चौकशी अहवालाने त्या मार्गदर्शनाचं पालन काटेकोर व्हावं असं म्हटलं. खरं तर तो गुन्हा होता, शिक्षणाची त्रुटी नव्हे. पण प्रशिक्षित माणसांची चणचण सर्वांसमोर आली आणि वेगळ्या शाखेच्या समर्थकांना जे वर्षानुवर्षं सांगून पटवता आलं नव्हतं ते पटलं. २००१ च्या, ब्रिस्टलमधल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांवरच्या अहवालाने पुन्हा तेच ठासून सांगितलं.

नंतरचे बदल झपाट्याने आले. १९९९ मध्ये सामायिक पाया एका वर्षावर आणायचं ठरलं, म्हणजे मुलांच्या वाट्याला दोन वर्षं. पदविका जाऊन पदवी सक्तीची झाली, वेल्समध्ये २००४ ला, इंग्लंडमध्ये २०१३ पर्यंत. 'शाखा' जाऊन 'क्षेत्र' आलं. अभ्यासक्रमाचे ४६०० तास, त्यातले निदान अर्धे प्लेसमेंटवर, म्हणजे रुग्णांमध्ये प्रत्यक्ष काम करत, हा नियम मुळात युरोपीय संघाचा आणि सर्वसाधारण परिचारिकांसाठीचा. गंमत अशी की तास मुलांच्या क्षेत्रालाही तेवढेच भरावे लागले, पण ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर तिथे आपोआप मिळणारी मान्यता मात्र प्रौढ क्षेत्रालाच होती.

पैशाची बाजू मागे-पुढे होत राहिली. 'विद्यार्थिनी' ठरल्यावर मिळू लागलेलं विद्यावेतन इंग्लंडने २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केलं, आणि वर्षाला ९,२५० पौंडांपर्यंतची फी कर्जावर गेली. २०२० मध्ये वर्षाला ५,००० पौंडांचं अनुदान परत आलं, फी तशीच राहिली. स्कॉटलंड आणि वेल्सने विद्यावेतन सोडलं नाही.

२०१५ च्या एका आढाव्याने जुना प्रश्न पुन्हा उकरला: दोन वर्षं सर्वांना एकच, क्षेत्र फक्त तिसऱ्या वर्षी. मुलांच्या परिचारिकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि ती योजना तशीच्या तशी लागू झाली नाही. २०१८ चे नवे निकष मात्र अर्ध्या वाटेने तिथेच पोचले. चारही क्षेत्रांना कौशल्यांची एकच यादी. तीत सर्व लिंगांच्या रुग्णांना मूत्रनलिका घालणं आहे, गरजेनुसार गुदद्वारातून हाताने मळ काढणंही आहे. क्षेत्रानुसार प्रावीण्याची पातळी वेगळी असू शकते अशी पुस्ती जोडलेली आहे. पण मुलांच्या वॉर्डात तीन वर्षं काढूनही यातलं एखादं काम समोर येत नाही, आणि मग ते प्रयोगशाळेतल्या रबरी पुतळ्यावर करून दाखवून सही घ्यावी लागते.

नोंदवहीतले पंधरा भाग २००४ मध्ये मोडून तीनच केले. मुलांच्या परिचारिका आता बाकी सर्व परिचारिकांबरोबर एकाच भागात आहेत. नावापुढच्या संकेतात मात्र जुनी भिंत टिकून आहे: आधीच्या पिढीला 'आरएन ८', नंतरच्यांना 'आरएनसी'. पुढे छापलेला अर्थ दोन्हींचा एकच, मुलांची परिचारिका.