भारताचा सागरी मत्स्यान्नपुरवठा

भारताच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सागरी मासळीपैकी देशातल्या लोकांच्या खाण्यासाठी प्रत्यक्षात उरणारा वाटा. तो काढण्याची रीत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अन्न-ताळेबंदातून आली आहे. उत्पादनात आयात मिळवायची, त्यातून निर्यात, फिशमील (पशुखाद्यासाठीची माशांची पूड), खत व इतर अखाद्य वापर वजा करायचा आणि उरेल त्याला लोकसंख्येने भागायचे. ही आकडेमोड ‘जिवंत वजना’वर, म्हणजे मासा पाण्यातून निघाला तेव्हाच्या वजनावर चालते. डोके, काटे, आतडी सगळी त्यातच धरलेली असतात. त्यामुळे दरडोई पुरवठा आणि दरडोई खाणे यांत नेहमीच अंतर राहते.

सुक्या मासळीत हे अंतर सर्वांत मोठे. वसई, उत्तन, वर्सोवा या भागांत बोंबील (हार्पाडॉन नेहेरियस) सुकवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या वलांडीवर, म्हणजे आडव्या काठ्यांच्या मांडणीवर टांगतात. ओल्या बोंबलात नऊ-दशांशाच्या आसपास पाणीच असते. म्हणून घाटावरच्या बाजारात पोचलेल्या एक किलो सुक्या बोंबलामागे साधारण सहा-सात किलो ओला बोंबील धरावा लागतो. जवळ्याचेही असेच. सुक्या मालाचे ओल्यात रूपांतर करताना गुणक थोडा जरी चुकला, तरी किनाऱ्यापासून दूरच्या गरीब घरांपर्यंत जाणारे अन्न हिशेबात कमी दिसते.

दीर्घकालीन कल पाहण्यासाठी निर्यात व फिशमील वजा न करता केवळ उत्पादन लोकसंख्येशी ताडले तरी पुरेसे बोलके चित्र मिळते. सरकारी आकडेवारीनुसार १९५०-५१ मध्ये सागरी उत्पादन ५.३४ लाख टन होते, म्हणजे माणशी सु. दीड किलो. ऑक्टोबर १९५२ च्या करारातून केरळमधील नींडकरा येथे भारत-नॉर्वे प्रकल्प उभा राहिला. यांत्रिक नौका, नायलॉनची जाळी, ट्रॉलर आणि बर्फाचे कारखाने पुढच्या तीन दशकांत सर्व किनाऱ्यांवर पसरले. १९७०-७१ मध्ये उत्पादन १०.८६ लाख टनांवर व १९९०-९१ मध्ये २३ लाख टनांवर गेले आणि माणशी प्रमाण २.७ किलोपर्यंत चढले. तेथे ते अडकले. २०००-०१ (२८.११ लाख टन) आणि २०१०-११ (३२.५० लाख टन) या दोन्ही वर्षांत भागाकार पुन्हा सु. २.७ किलोच येतो. तीन जनगणना झाल्या, आकडा हलला नाही.

याच काळात देशाचे मासे खाणे मात्र वाढत होते. एका अभ्यासानुसार २००५-०६ ते २०१९-२० दरम्यान दरडोई वार्षिक खप ४.९ वरून ८.८९ किलोवर गेला. ही वाढ प्रामुख्याने तळी, शेततळी व जलाशयांतील रोहू, कटला, पंगस यांनी पेलली. २०००-०१ च्या सुमारास भूजलाशयीन, म्हणजे तळी-नद्यांतील उत्पादनाने सागरी उत्पादनाला मागे टाकले. २०२२-२३ मध्ये एकूण १७५.४५ लाख टनांपैकी समुद्राचे ४४.३२ लाख टन होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत सात-दशांश असलेला समुद्राचा वाटा चतुर्थांशावर आला. घरखर्चाच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ‘मासे, कोळंबी’ ही एकच बाब असल्याने कोणत्या घरात समुद्राचा मासा किती जातो, हे तिच्यावरून कळत नाही.

समुद्रातून नेमके किती निघते, यावरच मतभेद आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (स्थापना १९४७, मंडपम, मुख्यालय कोची) स्वतंत्र अंदाज काढते. तिचे निरीक्षक निवडलेल्या बंदरावर पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा उभे राहतात. मधल्या रात्री काय उतरले ते विचारपूस करून लिहितात. नौका थोड्या असतील तर सर्व, जास्त असतील तर ठरावीक क्रमाने निवडलेल्या नौकांची मासळी जातवार नोंदवली जाते. या पद्धतीने २०१२ चा अंदाज ३९.४ लाख टन आला होता, २०२२ चा ३४.९ लाख टन आणि २०२३ चा ३५.३ लाख टन. २०२२ चा आकडा राज्यांकडून गोळा झालेल्या सरकारी आकड्यापेक्षा नऊ लाख टनांहून अधिक कमी आहे. संस्थेचे वर्ष जानेवारीपासून चालते आणि तिच्या अंदाजात बेटे येत नाहीत, पण एवढ्याने ही तफावत भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय ताळेबंदात सरकारने कळवलेला आकडा जातो. पद्धत अनेक दशके तीच राहिल्यामुळे कल पाहायचा असेल तर संस्थेची मालिका अधिक भरवशाची वाटते, आणि तिच्यानुसार २०१२ नंतर चढ दिसत नाही.

किनाऱ्यावरच्या ताटाचा प्रश्न एकूण टनांपेक्षा जातींचा आहे. तारली (सार्डिनेला लाँगिसेप्स) हे मलबारातील गोरगरिबांचे रोजचे अन्न. केरळात २०१२ मध्ये सु. ४ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये केवळ ३,२९७ टन. अशी पडझड नवी नाही. १९४३ मध्ये मद्रास सरकारने तारलीच्या पिल्लांच्या मासेमारीवर निर्बंध घातले होते, आणि १९९४ सालही असेच रिकामे गेले. एका मताप्रमाणे याचे मूळ एल निनो, पावसाचे मान व प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) उपलब्धता यांत आहे. दुसरे मत मासळीच्या थव्याला वेढणाऱ्या रिंग सीन व पर्स सीन जाळ्यांनी उपसलेल्या पिल्लांकडे बोट दाखवते. यांत्रिक मासेमारीच्या आधीही तारली नाहीशी होत असे, त्यामुळे पहिले मत टाकून देता येत नाही. पण घटलेला साठा पुन्हा भरून यायला लागणारा अवकाश पिल्ले मारल्याने हिरावला जातो, हेही तितकेच खरे. त्यात तारलीचा काही भाग फिशमील व तेलाच्या कारखान्यांत जातो, म्हणजे तो उत्पादनात मोजला जातो पण ताटात येत नाही.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये उत्पादन २.०१ लाख टन, म्हणजे साडेचार दशकांतले सर्वांत कमी नोंदले गेले. त्या वर्षी अरबी समुद्रात क्यार व महा ही चक्रीवादळे ऐन हंगामात आली आणि नौका बंदरातच राहिल्या. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही बंदी मासेमारीला सुटी देते, परंतु लहान मासळी धरण्याला ती आळा घालत नाही. त्यासाठी राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींचे किमान आकारमान ठरवले.

निर्यातीचा प्रभाव वाटतो त्याहून मर्यादित आहे. २०२२-२३ मध्ये गेलेल्या १७.३५ लाख टनांत ७.११ लाख टन गोठवलेली कोळंबी होती, आणि ती बहुतांशी संवर्धनातली, म्हणजे तळ्यांत वाढवलेली. समुद्रातून जाते त्यात माकूल व वाकटी प्रमुख. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून वर्षाला ५३.१ लाख टन काढता येतील असा २०१८ चा अधिकृत अंदाज असला, तरी वाढीला उरलेली जागा बरीचशी खोल समुद्रातील कुपा (ट्यूना) व तत्सम माशांची आहे. लक्षद्वीपमध्ये कुपा उकडून, धुरावून, वाळवून ‘मास’ करतात आणि तो मुख्य भूमीवरही येतो.